पाचोळ्याचा पाहुणा

डोळे मिटा बघू. सगळ्यांनी. पापण्यांच्या फटीतून चोरून बघायचं नाही.

आता असं समजा, की तुम्ही एक पक्षी आहात. फार मोठा नाही, साळुंकीएवढा. तुमचं घर एका बेटावर आहे. चहूकडे समुद्र आणि मधोमध डोंगर. डोंगराच्या माथ्यावर सकाळपासून ढग बसलेला असतो, म्हणून पाऊस नसला तरी झाडं ठिबकत राहतात. झाडी इतकी दाट, की ऊन खाली पोचेपर्यंत हिरवं होऊन जातं. तुमच्या पायाखाली माती दिसतच नाही. पानंच पानं. ओली, काळपट, कुजलेली, एकावर एक पडून गादी झालेली. तुम्ही टुणकन उडी मारता. थांबता. मान कलती करून ऐकता. पानाखाली काहीतरी हललं! चोचीने पान उडवून दिलं, की खाली गांडूळ.

भरलं पोट? आता असं समजा, की कुणीतरी तुम्हाला उचललं, समुद्रापार नेलं, आरशासारख्या स्वच्छ जागी ठेवलं आणि तुमच्यापुढे वाटीभर भात सरकवून म्हटलं, "खा!"

काय कराल?

उघडा डोळे. अगदी हाच पेच साठेक वर्षांपूर्वी दुबईत एका पक्ष्यापुढे पडला होता. आणि पक्ष्यापेक्षा जास्त तो कुलसुमपुढे पडला होता.

कुलसुम नऊ वर्षांची. तिचे अब्बा, याकूब, रत्नागिरीकडचे. दुबईच्या खाडीवर गलबतांतून उतरणारा माल मोजून घ्यायचं काम ते करत. खाडीच्या बरदुबईच्या बाजूला, वाळूच्या गल्लीत त्यांचं घर होतं. भिंती खजुरीच्या झापांच्या, पुढे छोटंसं अंगण. तेव्हा दुबईत आजच्यासारखे उंच मनोरे नव्हते. पाणी गाढवाच्या पाठीवरून डब्यांतून यायचं, आणि ते जपून वापरायचं.

पण पाणी कितीही कमी असो, कुलसुमची अम्मा खैरुन्निसा अंगण झाडल्याशिवाय चहा पीत नसे. फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली की तिचा झाडू सुरू. वाळूवर झाडूच्या रेघा अशा सरळ उमटत, की त्यांच्यावर पाय द्यायला पाहुणे बिचकत. "खैरुन्निसाच्या अंगणात मुंगीसुद्धा चप्पल काढून येते," असं शेजारच्या कुबराखाला, म्हणजे कुबरामावशी, म्हणत. थोडं कौतुकाने, थोडं जळून.

एका सकाळी त्या रेघा तुडवत अलीमियाँ आले. अलीमियाँ म्हणजे अब्बांच्या गावचे. ते आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका गलबतावर खलाशी होते. गलबत कालच परत आलं होतं, घरांच्या छपरांना लागणारी लाकडं भरून. अलीमियाँच्या काखेत झाकण बांधलेली एक टोपली होती.

"कुलसुम! ओळख बघू, काय आणलं?"

"नारळ?"

"नारळ गातो का कधी?"

झाकण किलकिलं झालं. आत एक पक्षी बसला होता. पाठ तपकिरी, चोच आणि पाय पिवळट-नारिंगी, आणि पांढरट छातीवर तपकिरी खवले, जणू कुणी माशाचा अंगरखा शिवून दिलाय.

"कोमोरोच्या बेटावरचा आहे," अलीमियाँ म्हणाले. "तिथल्या पोरांनी पकडला होता, मी सोडवून घेतला. आपल्याकडच्या कस्तुर पक्ष्याचा चुलतभाऊ म्हण. पहाटे काय गातो!"

"चाचा, खातो काय?"

"भात!" अलीमियाँनी छाती पुढे काढली. "रोज मूठभर भात टाकायचो टोपलीत. सकाळी एक शीत शिल्लक नाही. कोकणी खलाशाच्या हाताला लागला ना, पक्का भातखाऊ झाला!"

कुलसुमला दुसरं काही ऐकूच आलं नाही. पक्षी तिचा होता.

अम्मांनी जुना पिंजरा घासूनपुसून लखलखीत केला, तळाला कोरा कागद अंथरला. कुलसुमने भात ठेवला. पक्ष्याने भाताकडे पाहिलं, वाटीत चोच घातली आणि शितं उडवून दिली. डावीकडे एक, उजवीकडे एक. खाल्लं मात्र एकही नाही.

"रागीट दिसतो," अम्मा म्हणाल्या, आणि सांडलेली शितं चटकन वेचून घेतली.

दुपारी कुलसुमने बाजरी दिली. तीही उडवली. भिजवलेली डाळ दिली. उडवली. पाणी तेवढं तो प्यायला. संध्याकाळी अब्बा आले. दिवसभर बंदरावर इंग्रजी साहेबाबरोबर काम केल्यामुळे घरीही त्यांचं बोलणं तसंच.

"काय मॅडम, रिपोर्ट?"

"भात जसाच्या तसा, अब्बा."

"म्हणजे डिलिव्हरी झाली, पण माल उचलला नाही." मग तिचा चेहरा पाहून ते खाली बसले. "नवी जागा आहे. उद्या खाईल, इन्शाल्ला."

पण दुसऱ्या दिवशी पक्षी फुगून बसला होता. पिसं विस्कटलेली, डोळे अर्धवट मिटलेले. एवढासा जीव, त्याला उपास कितीसा झेपणार? आज काही खाल्लं नाही, तर उद्या हा उठणार नाही, हे कुलसुमला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती पिंजऱ्यासमोर मांडी ठोकून बसली. "सांगून ठेवते अम्मा, आज मी इथून हलणार नाही." आणि खरंच, ती नुसती बघत राहिली. तुम्ही कधी एखाद्या गोष्टीकडे असं बघितलंय? काही न करता, न बोलता? अवघड असतं. पायाला मुंग्या येतात. पण तसं बघितलं, की ती गोष्ट हळूहळू आपणहून बोलायला लागते.

पक्षी उठला. पिंजऱ्याच्या तळाशी दोन उड्या मारल्या. थांबला. मान एका बाजूला कलती केली. मग चोचीने कागदाची कड धरली, झटक्याने उलटली आणि खाली वाकून पाहिलं. खाली स्वच्छ घासलेली फळी. त्याने दुसरी कड उलटली. तिथेही फळीच.

"अम्मा! तो रागावलेला नाही!" कुलसुम ओरडली. "तो काहीतरी शोधतोय! कशाच्या तरी खाली!"

ती अनवाणीच खाडीकडे धावली. गलबतातून लाकडं उतरत होती. अलीमियाँ खांद्यावरचं फडकं सोडून घाम पुसत होते.

"चाचा, टोपलीत भाताखाली काय होतं?"

"भाताखाली? केळीची सुकी पानं घातली होती. बिचाऱ्याला मऊ बसायला."

"आणि पानांखाली?"

"पानांखाली काय असणार? झुरळं." अलीमियाँ हसले. "अगं, त्या गलबतावर माणसं पंचवीस आणि झुरळं पंचवीस हजार. भाताचा वास आला, की सगळी टोपलीत..." आणि ते मधेच थांबले. त्यांचं तोंड हळूहळू उघडं पडलं. "या अल्ला! म्हणजे माझा भात झुरळं खायची..."

"आणि झुरळं तो खायचा!"

शेजारचा खलाशी इतका हसला, की त्याच्या खांद्यावरचं लाकूड धपकन वाळूत पडलं.

"महिनाभर मी त्या झुरळांना जेवायला घातलं," अलीमियाँ कपाळावर हात मारत म्हणाले. "कुणाला सांगू नकोस गं, कुलसुम."

कुलसुमला सांगायला वेळच नव्हता. प्रश्न साधा होता. झुरळ कुठे मिळेल? तिच्या घरी तर शक्यच नव्हतं. अम्मांच्या घरात झुरळ? ती तडक कुबराखालांच्या दारात गेली.

"खाला, तुमच्याकडे झुरळं आहेत का?"

कुबराखालांच्या हातातला पोळपाट तसाच राहिला. "काय? कोण म्हणालं तुला असं? जहांआरा म्हणाली ना? तिचीच जीभ एवढी लांब!"

"नाही खाला, मला हवीत..."

"आमच्याकडे एक नाही! जाऊन तिच्याच मोरीत बघ!"

पलीकडच्या दारात जहांआराभाभींनी कमरेवर हात ठेवले. "माझ्या मोरीत? हबीबी, माझ्या मोरीत माशीसुद्धा परवानगी काढून येते. कुबराकडे विचारलंस का?"

सगळी गल्ली पालथी घातली. कुणाकडेच झुरळ नव्हतं. बरदुबईतल्या त्या गल्लीइतकी स्वच्छ गल्ली त्या सकाळी जगात दुसरी नव्हती.

कुलसुम रिकाम्या हाताने घरी आली. तिच्या आधी बातमी पोचली होती.

"गल्लीभर झुरळं मागत फिरलीस?" अम्मांनी डोक्याला हात लावला. "लोकांना वाटलं असेल, आपल्याकडची संपली!"

एरवी कुलसुम हसली असती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अम्मा, तो मरेल. त्याला वाटी कळतच नाही. तो असा थांबतो..." ती जमिनीवर वाकली. "मान अशी करतो. मग पान असावं तसा कागद उडवतो. खाली कुणी आहे का बघतो. आणि आपण त्याच्याखाली काही ठेवलेलंच नाही. सगळं पुसून टाकलंय!"

अम्मांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. पक्ष्याने नेमकी तेव्हाच कागदाची कड उचलली. उडवली. वाकून पाहिलं.

"अगं, हे तर..." अम्मा खाली बसल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "आमच्या पोफळीच्या बागेत असंच व्हायचं. बाबा पाणी लावायचे. पाणी जिरलं, की कस्तुर यायचा सावलीत. पानं उडवत उडवत पाटाच्या कडेने जायचा. मी तुझ्याएवढी होते. आई म्हणायची, बागेतला पाचोळा झाडायचा नाही, त्यात कस्तुराचं दुकान आहे."

"मग आपल्याला दुकान पाहिजे, अम्मा."

अम्मांनी आपल्या अंगणाकडे पाहिलं. सकाळच्या रेघा अजून तशाच होत्या. एक पान नाही, एक काडी नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना त्या अंगणाची थोडी लाज वाटली असावी. मग त्या उठल्या आणि तांदळाचं रिकामं पोतं खांद्यावर टाकलं.

"यल्ला," त्या म्हणाल्या. "चल."

जुमेराच्या वाटेवर, समुद्रापासून थोडी आत एक जुनी विहीर होती. विहिरीभोवती खजुरी, दोन बोरी आणि एक पसरलेलं बदामाचं झाड. बैल मोट ओढायचा, पाणी पाटाने झाडांच्या बुंध्यांशी जायचं. बाहेर वाळू भाजत होती. पण झाडांखाली पाऊल ठेवलं आणि कुलसुमच्या तळव्यांना गार लागलं. बदामाची मोठी लाल-पिवळी पानं ओलाव्यात पडून काळी पडली होती. वास कसा होता सांगू? पहिल्या घासाआधी भाकरीच्या टोपलीचं झाकण उघडल्यासारखा. ऊबदार, ओलसर.

बागेचा म्हातारा अरब माळी अम्मांचं बोलणं ऐकून गोंधळला. तुटक्या हिंदीत त्याने विचारलं, "खजूर नहीं? बोर नहीं? कचरा चाहिए?"

"कचरा," अम्मा ठामपणे म्हणाल्या. "जितका सडका, तितका चांगला."

म्हातारा हसत हसत भिंतीला टेकला. "खजूर माँगने सब आता," तो म्हणाला, "कचरा माँगनेवाली तुम पहली. यल्ला, यल्ला, सब ले जाओ!"

दोघींनी ओंजळींनी पानं भरली. वरची सुकी नाहीत, खालची ओली. प्रत्येक ओंजळीत काहीतरी वळवळत होतं: गांडुळं, काळे भुंगेरे, शंखाच्या गोगलगायी, हात लावला की गोळी होणारे किडे. कुलसुम प्रत्येकाला "ये, ये" म्हणत पोत्यात घेत होती. आणि मग गल्लीने एक नवल पाहिलं. जिच्या अंगणात मुंगी चप्पल काढून येते, ती खैरुन्निसा डोक्यावर सडक्या पानांचं पोतं घेऊन, गालावर चिखलाचा ओघळ घेऊन, ताठ मानेने घरी चालली होती.

कुबराखाला दारात आल्या. जहांआराभाभी दारात आल्या. दोघींच्या माना पोत्यामागोमाग वळल्या.

अंगणाच्या सावलीच्या कोपऱ्यात अम्मांनी पोतं उलटं केलं. आपल्या हाताने पाचोळा पसरला, त्यावर पिण्याच्या पाण्याचा तांब्या शिंपडला. कोंबड्या झाकायचं गावाहून आणलेलं बांबूचं डालं त्यावर पालथं घातलं. मग पक्ष्याला अलगद आत सोडलं.

पक्षी बसून राहिला. फुगलेला, तसाच.

कुलसुमने श्वास रोखला. अम्मांनी तिचा हात धरला. भिंतीपलीकडे कुबराखालांनी बहुधा टाचा उंचावल्या होत्या, कारण त्यांची ओढणी वर दिसत होती.

पक्ष्याने एक डोळा उघडला. पाय हलवला. पायाखाली पान करकरलं नाही, दबलं. त्याने खाली पाहिलं. एक उडी. थांबला. मान कलती केली.

फट्! पान उडालं. गांडूळ!

फट्! भुंगेरा!

फट्, फट्! पानं डाल्याच्या फटींतून बाहेर उडू लागली. एक अम्मांच्या पायावर, एक कुलसुमच्या केसांत. एक गोगलगाय त्याने चोचीत धरली, दगडावर आपटली, ठक ठक ठक, शंख फोडला आणि गिळून टाकली.

"खातोय!" भिंतीपलीकडून कुबराखाला ओरडल्या. "अगं, खातोय गं!"

संध्याकाळी अब्बा आले, तेव्हा अंगणभर पाचोळा उडालेला होता आणि त्यांची बायको त्यात बसून हसत होती. ते दारातच थबकले. "घर चुकलो का मी?"

"रिपोर्ट, अब्बा!" कुलसुम म्हणाली. "सगळा माल उचलला!"

मग उन्हाळा आला आणि अंगणाचे दोन भाग झाले. एका भागात अम्मांच्या सरळ रेघा. दुसऱ्या भागात पाहुण्याचा पाचोळा. दोन्हीकडे कुणी ढवळाढवळ करायची नाही. पाचोळा वाळू नये म्हणून कुलसुम सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची. डाल्यावर ओलं गोणपाट असायचं. दर शुक्रवारी बागेतून नवं पोतं यायचं. तिला कळत गेलं, की पक्ष्याला पिकलेली बोरं आवडतात, मऊ खजुराचा तुकडाही. पण फळ ताटलीत ठेवलं तर तो बघतही नाही. पानांत लपवलं, की बरोबर शोधून काढतो. आणि गंमत म्हणजे, अधूनमधून दाराशी फडक्याने तोंड बांधलेला एखादा डबा सापडायचा. आत झुरळं. एकदा तर कुबराखाला डबा ठेवताना सापडल्याच.

"शेजारची आहेत," त्या घाईघाईने म्हणाल्या. "माझ्याकडे वाट चुकून आली."

मग एका पहाटे तो गायला. आधी एक लांब शीळ, मग तिच्या मागोमाग छोट्या छोट्या लकेरी. गल्लीतली दारं एकेक करून उघडली. पाणी घालायला आलेला माणूस गाढवासकट उभा राहिला.

कुलसुम रोज ऐकायची. पण ती नीट बघायला आणि नीट ऐकायला शिकली होती ना, त्यामुळे दुसऱ्यांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट तिच्या लक्षात आली.

"अब्बा, तो गातो, मग थांबतो. ऐकतो. मग परत गातो."

"कुणाच्या तरी रिप्लायची वाट बघतो?"

"हो. आणि रिप्लाय येत नाही."

मग थंडी पडली, वारा फिरला, आणि गलबतं आफ्रिकेकडे जायला खजूर भरू लागली. तेव्हा कुलसुम आपणहून खाडीवर गेली.

"चाचा, तुम्ही त्याच बेटावर जाणार का?"

"जाणार की. का?"

"त्याला घरी सोडाल?"

अलीमियाँ तिच्याकडे बघत राहिले. "तुझ्याजवळ चांगला रमलाय, बेटा. ठेव की."

"इथे त्याचं दुकान आहे, चाचा. पण त्याची माणसं तिथे आहेत."

अलीमियाँनी डोकं खाजवलं. "नेईन मी. पण एक पंचाईत आहे. उन्हाळ्यात नाखव्याने गलबत किनाऱ्यावर ओढून धुतलं, धुरी दिली, तेल लावलं. झुरळ खलास! एक उरलं नाही. मग वाटेत मी याला... भात?"

"नाही!" कुलसुम इतक्या जोरात ओरडली, की दोन बगळे उडाले.

गलबत निघायच्या दिवशी ती, अब्बा आणि अम्मा होडीतून गलबताकडे गेले. अब्बांच्या डोक्यावर ओल्या पाचोळ्याचं पोतं, अम्मांच्या हातात बोरं आणि मऊ खजुरांचं गाठोडं, कुबराखालांचे दोन डबे वेगळे. टोपली कुलसुमच्या मांडीवर. आत पक्षी शांत होता, पोट भरलेला, पिसं चापूनचोपून बसलेली. कुलसुमने टोपलीच्या फटीतून बोट घातलं. त्याने ते हलकेच चोचून पाहिलं, हे खाण्याचं आहे का म्हणून. ती हसली.

डेकवर तिने टोपली ठेवली. गलबताचे खलाशी गोळा झाले.

"चाचा, बसा," ती म्हणाली.

एवढे दणकट अलीमियाँ, पण तिच्यासमोर उकिडवे बसले. तिने मूठभर ओली पानं टोपलीत टाकली, एक बोर पानांखाली सरकवलं, एक भुंगेरा बाजूच्या पानाखाली लपवला, वर पाण्याचे चार थेंब शिंपडले.

"समजलं?"

"समजलं."

"मग आता तुम्ही करून दाखवा."

अलीमियाँनी पानं उचलली आणि बोर थेट वर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. खलाशी हसू लागले. पक्ष्याने बोराकडे पाठ फिरवली.

"असं नाही," कुलसुम म्हणाली. तिने ओढणी खोचली, त्यांच्यासमोर नीट मांडी घालून बसली, ते बोर परत उचललं आणि पहिल्यापासून शिकवायला सुरुवात केली.